मदत हवी आहे: एकाच कॉलचे दोनदा पैसे कापले जातात

नमस्कार मंडळी. इंदूरला राजवाड्याजवळ आमच्या काकांचं साड्यांचं दुकान आहे. पार्सलचे पत्ते तपासायला मी एक एपीआय (दुसऱ्याची ऑनलाइन सेवा आपल्या कोडमधून वापरायची सोय) जोडलाय. मध्ये प्रॉक्सी (माझ्या रिक्वेस्ट पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) आहे, ती दर कॉलमागे शिलकीतून पैसे कापते.

काल ४१ पत्ते पाठवले, पैसे ५८ कॉलचे गेले. रात्री लॉग उघडून बसलो तेव्हा कळलं. १० सेकंदांत उत्तर आलं नाही (टाइमआउट) की माझा कोड तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवतो (रिट्राय), पण पहिलीही तिकडे पोचलेली असते. दोन्हींचे पैसे लागतात! काकांना हिशोब दाखवताना फार वाईट वाटलं.

आता प्रत्येक पत्त्याला एक यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक) देऊन तो 'आयडेम्पोटन्सी-की' हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणारी नोंद; ही तीच रिक्वेस्ट आहे, दोनदा धरू नका, असं सांगणारी) पाठवतोय, रिट्रायलाही तोच. काही फरक नाही. समोरच्या सर्व्हरने हा हेडर मानला तरच उपयोग, हे ठाऊक आहे. पण प्रॉक्सी तो वाचते की मध्येच गाळते, हे बाहेरून कसं ओळखायचं? उत्तरात रिक्वेस्ट-आयडी येतो खरा, पण टाइमआउट झाल्यावर उत्तरच नसतं, मग तक्रार कशाच्या आधारे करू?

४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या, हा एरर) आला की 'रिट्राय-आफ्टर' (पुन्हा कधी पाठवायचं ते सांगणारा हेडर) पाळतो (सेकंद असोत की तारीख, दोन्ही वाचतो), ४०२ (पैसे भरा, हा एरर) आला की थांबतो. तिथे अडचण नाही.

टाइमआउट ३० सेकंद करू, की रिट्रायच बंद करू? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे निस्तरायचंय.