मनी बेल्ट पुरेसा नाही

मनी बेल्ट, म्हणजे कपड्यांच्या आत कमरेला बांधायचा पैशांचा पट्टा, घेतला की पॅरिस-रोममध्ये चोरीची काळजी मिटली, असा सल्ला दिला जातो. बेल्ट हवाच, पण तो शर्टाच्या आत आणि रस्त्यात एकदाही न उघडता. तिकिटासाठी चारचौघांत पोटावरच्या बेल्टची चेन उघडली, की माल कुठे आहे ते पाळतीवर असलेल्याला कळलंच. दिवसाच्या खर्चाचे ४०-५० युरो आणि एक कार्ड पुढच्या खिशात ठेवा, दुसरं कार्ड हॉटेलवर.

पॅरिस मेट्रोत मोबाइल जातो तो बहुतेकदा दार लागताना. भोंगा वाजतो, दाराशी उभा असलेला फोन हिसकावून फलाटावर उडी मारतो, दार बंद, आणि तुम्ही आत अडकलेले. म्हणून दाराजवळ फोन हातात नकोच. नकाशा बघायचा तर डब्याच्या मध्यावर जाऊन बघा. पॅरिसच्याच साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी ठग मनगटाला दोरा बांधायला येतात. गाठ बसली की पैसे दिल्याशिवाय हात सोडत नाहीत, तेव्हा हात खिशात घालून, न थांबता चालत राहा. रोममध्ये टर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी बदनाम. सॅक पोटाशी घ्या.

आईला घेऊन जाणार असाल तर सोन्याचं मंगळसूत्र घरीच राहू दे, काळ्या मण्यांची साधी पोत पुरे.

कोणी चाकू दाखवला तर वस्तू देऊन टाका, मग ११२ हा तिथला आपत्कालीन नंबर फिरवा. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास. तिथे मिळणारं आपत्कालीन प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत ठेवा.