ग्रेटफुल डेड : एकाच गाण्याची इतकी रेकॉर्डिंग्ज कशाला?

तबकडी
मंडळी, हल्ली ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड ऐकायला घेतलाय. स्टुडिओतले दोन अल्बम ऐकले, ठीकठाक वाटले. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, 'अल्बम सोड, शो ऐक.' इंटरनेट आर्काइव्हवर गेलो तर नुसता तारखांचा डोंगर! आणि त्यातलं बरंचसं प्रेक्षकांनी टेप केलेलं, तेही बँडला ठाऊक असताना. मग रेकॉर्ड विकत कोण घ्यायचं? आणि मी सुरुवात कुठून करू?

जुना टेपवाला
१९६५ ते १९९५ या तीस वर्षांत २३०० च्या वर शो, आणि गाण्यांची यादी रोज वेगळी. बंदिश तीच, मांडणी त्या रात्रीची, असं समजा. 'डार्क स्टार'ची मूळ तबकडी तीन मिनिटांचीही नाही. स्टेजवर तेच गाणं वीस-पंचवीस मिनिटं सहज चालायचं.

रेकॉर्डचं म्हणाल, तर त्यांचं पोट तिकिटांवर चालायचं. अख्ख्या कारकिर्दीत अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेलेलं गाणं एकच, तेही १९८७ साली. टेप करणारे आधी माइक लपवून न्यायचे. १९८४ च्या ऑक्टोबरपासून बँडनंच त्यांना वेगळी जागा दिली. अट एकच, टेप विकायची नाही. आमची देवाणघेवाण टपालानं : कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, भरलेल्या कॅसेट घरी. कॉपीची कॉपी, त्याचीही कॉपी. चौथ्या हाताची टेप म्हणजे पावसात उभं राहून ऐकल्यासारखी.

माझ्या पहिल्या कॅसेटवर पेन्सिलीनं '५/८/७७' लिहिलं होतं. मी कित्येक महिने ५ ऑगस्ट समजत होतो. पाठवणाऱ्यानं पत्रात लिहिलं होतं, त्या रात्री बाहेर बर्फ पडला. ऑगस्टात बर्फ? म्हटलं, हा गडी तेव्हा शुद्धीवर नसावा (या बँडच्या श्रोत्यांबाबत तशी शंका घ्यायला जागा असते). अमेरिकन तारीख, ८ मे! कॉर्नेल विद्यापीठ, बार्टन हॉल. बँडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर हिनं थेट मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग. तिच्या टेप पुढे गोदामाच्या लिलावात निघाल्या, म्हणून आपल्यापर्यंत पोचल्या. तिथूनच सुरू करा.

बेसूर
कॉर्नेलचं फार कौतुक झालंय हो. मी म्हणेन २७ ऑगस्ट १९७२, वेनेटा, ओरेगॉन. मरणाचं ऊन, गिटारच्या तारा सारख्या उतरतायत, तरी वाजवणं काय! शिवाय १९७४ चा एखादा शो ऐका. तेव्हा सहाशेच्या आसपास स्पीकरांची भिंत वाजवणाऱ्यांच्या *पाठीमागे* असायची. माइकमध्ये शिट्टी घुमू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे उलट जोडलेले दोन माइक, म्हणजे दोन्हींत शिरलेला भिंतीचा आवाज एकमेकांना खोडायचा; गायचं एकातच.

तबकडी
आणि ते एक बोट वर करून उभे राहणारे लोक? फोटोत दिसतात.

जुना टेपवाला
तिकीट नसलेले. 'मिरॅकल' मागतायत, म्हणजे कुणीतरी फुकट तिकीट द्यावं. हे त्यांच्याच एका गाण्यावरून आलं. मिळायचंही कधीकधी. पण १९८७ नंतर गर्दी इतकी वाढली की निम्मे लोक पार्किंगमध्येच रंगीबेरंगी टी-शर्ट विकत बसायचे. मला तो काळ विशेष आवडत नाही, टेप मात्र आहेत.

तबकडी
काल रात्री ८ मे लावला. 'स्कार्लेट' या गाण्यातून 'फायर' या गाण्यात कधी शिरले ते कळलंच नाही. दोनदा मागे घेतलं, तरी सांधा सापडला नाही. आज त्या उतरलेल्या तारा ऐकतो.