मदत हवी आहे: बंद कारखान्यांच्या पुनर्वापराचा डिझाइन स्टुडिओ कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी,

मी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला डिझाइन स्टुडिओ, म्हणजे आराखडे करत शिकण्याचा विषय, शिकवते. पुढच्या सत्राचा विषय आहे बंद पडलेल्या कारखान्यांचा पुनर्वापर. आखणी करताना एका जागी अडले आहे. इथे संवर्धनात, स्ट्रक्चरमध्ये आणि प्रत्यक्ष कारखान्यांत काम केलेली माणसं आहेत, म्हणून विचारते.

विद्यार्थ्यांना रिकामी शेड दिली की त्यांना फक्त एक मोठ्ठा हॉल दिसतो. लगेच गॅलरी, कॅफे, को-वर्किंग असा प्रोग्राम (नवा वापर) ठरतो, मधे मेझानिन (अर्धा मजला) येतो, विटा उघड्या ठेवल्या की वारसा जपला असं मानलं जातं. ड्रॉइंग देखणी असतात. पण इथे काय तयार व्हायचं, माल कुठून आत यायचा, असं ज्युरीत (परीक्षकांपुढच्या सादरीकरणात) विचारलं की शांतता. देऊळ अभ्यासायला दिलं तर हीच मुलं आधी विधी विचारतात, माणसांची ये-जा बघतात.

माझं ठाम मत आहे की कारखान्याची इमारत तिथल्या प्रक्रियेनेच घडवलेली असते. नॉर्थ लाइट छपराच्या, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या, काचा उत्तर गोलार्धात उत्तरेकडे असतात, कारण मागावरच्या माणसाला ऊन नको, पण दिवसभर सारखा उजेड हवा. जुन्या सूतगिरण्या मजल्यावर मजला चढवून बांधल्या, त्यामागे एकाच इंजिनाची ताकद शाफ्ट (फिरणारे लांब दांडे) आणि दोरांवरून सगळ्या यंत्रांपर्यंत पोचवणं हे एक मोठं कारण होतं. खांबाला चिकटलेला लोखंडी ब्रॅकेट त्या शाफ्टचा असतो आणि विद्यार्थी नेमका तोच आधी काढून टाकतात.

प्रक्रिया वाचली की डिझाइन किती पुढे जातं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण जर्मनीतल्या एसेनची झोलफेराइन खाण, २००१ पासून जागतिक वारसा. तिथल्या कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर म्युझियम आहे. पाहुणा सरकत्या जिन्याने आधी २४ मीटर उंचीवर जातो आणि मग कोळसा जसा वरून खाली यायचा तसा मजले उतरत येतो. औद्योगिक वारशाबद्दलच्या २००३ च्या निझनी तागील सनदेतही हेच सूत्र आहे: नव्या वापराने मूळ ये-जा आणि कामाची रचना शक्य तितकी सांभाळावी.

म्हणून सत्राच्या सुरुवातीचा एक तृतीयांश काळ डिझाइन बंद, असा विचार आहे. कच्चा माल, ऊर्जा, कचरा आणि कामगार यांच्या वाटा काढायच्या, एवढंच. पण यंत्रं केव्हाच भंगारात गेलेली असतील तर प्रक्रिया शोधायची कशी? शिवाय इमारतीचा कोणता काळ खरा धरायचा? इंग्लंडमधल्या श्रूजबरीची १७९७ ची फ्लॅक्स (जवसाच्या धाग्याची) गिरणी ही लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) कारखाना झाली आणि बऱ्याच खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या. त्या उघडायच्या की त्या विटाही इतिहासच? चौथ्या वर्षाच्या मुलांपुढे हा प्रश्न कसा मांडाल? आणि जमिनीतल्या प्रदूषणाचं काय? तो विषय पूर्ण सोडून देणं मला पटत नाही.

प्रतिसाद १

मॅडम, मी आयुष्यभर कारखान्यांच्या मेंटेनन्समध्ये होतो. यंत्र गेलं तरी फरशी बोलते. फाउंडेशन बोल्ट, तेलाचे डाग, ट्रॉलीने झिजलेले पट्टे, बुजवलेले खड्डे यांचा नकाशा काढायला लावा. वाटा प्लॅनवर (वरून दिसणाऱ्या नकाशावर) नको, सेक्शनवर (इमारतीच्या उभ्या छेदावर) काढा. पुष्कळ कारखान्यांत माल उंचावरून खाली उतरतो आणि प्लॅनमध्ये ते दिसतच नाही. माहितीसाठी मॅनेजरकडे जाण्याआधी जुना फिटर गाठा. यंत्राचा कोणता पट्टा कुठे अडकायचा हे त्याला पाठ असतं.

एक कळकळीची विनंती: ॲस्बेस्टॉसचे पत्रे, उघडे पिट आणि कुजलेल्या जाळ्या यांची तपासणी झाल्याशिवाय मुलांना आत सोडू नका.

प्रतिसाद २

ताई, मी स्ट्रक्चर बघतो. बिडाचे खांब दाबाला दणकट, ताणाला कमकुवत, आणि तुटताना आधी इशारा देत नाहीत. पोकळ खांबांची जाडी ओतकामात गाभा सरकल्याने एका बाजूला कमी निघू शकते, ती मोजावी लागते. तेव्हा ‘यंत्रं पेलायची म्हणजे काहीही पेलेल’ हे गृहीतक पहिल्याच दिवशी मोडून काढा. प्रत्येकाला एकाऐवजी तीन वापर सुचवायला लावा आणि इमारत त्यातला कोणता नाकारते, का नाकारते, ते लिहून घ्या.

प्रदूषणासाठी जर्मनीतलं डुइसबुर्ग-नॉर्ड उद्यान दाखवा. तिथला लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. लँडस्केप वास्तुकार पीटर लाट्स यांच्या आराखड्यात सर्वांत विषारी माती जुन्या बंकरांत (कच्च्या मालाच्या कोठारांत) बंदिस्त केली गेली, इतर बंकरांत बागा झाल्या. माती डिझाइनचाच भाग झाली.

पण तुमच्या मांडणीत एक गोष्ट राहते आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत वास्तुकार लिना बो बार्दी यांना जुना पिंपांचा कारखाना मिळाला, तेव्हा आसपासची कुटुंबं, मुलं तिथे आधीच खेळायला-बसायला येत होती. त्यांनी तो वापर जपला आणि त्यातून सेस्क पोंपेया हे सांस्कृतिक आणि क्रीडा केंद्र उभं राहिलं. कारखाना बंद पडल्यानंतर तिथे काय सुरू झालं, हेही मुलांनी नोंदवायला हवं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फरशीचा नकाशा आणि तीन वापर, दोन्ही आखणीत घेते आहे. बंद पडल्यानंतरच्या वापराचा मुद्दा पूर्ण पटला; वाटांच्या यादीत तो पाचवा. आता गुणांचं सांगा: पहिल्या टप्प्यात डिझाइनच नसेल, तर ज्युरी नेमके कशाला गुण देणार? कुणी असा स्टुडिओ चालवला असेल तर गुणांची विभागणी इथे लिहावी.