समुद्री प्राणी बघायला एका दिवसात कुठे गेलात? अनुभव लिहा

डॉल्फिन, कासवं, खडकातले खेकडे, काहीही चालेल. फक्त 'जाम मजा आली' एवढंच नको, कधी गेलात, काय दिसलं, फोटो कसे काढले ते पण लिहा.

खाडीवाला: दापोलीजवळ कर्दे. सकाळी लवकरची बोट घ्या, वारा सुटला की लाटांच्या फेसात काही म्हणजे काही कळत नाही. आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन, टीव्हीवरच्यासारख्या उड्याबिड्या फार मारत नाहीत. आधी चोच तिरकी वर येते, मग पाठीवरचं कुबड, की गेला खाली. चोच दिसली की लगेच बटण दाबायचं, पाठीची वाट बघत बसलात तर फोटोत नुसतं पाणी. ७०-३०० ची झूम लेन्स पुरते, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान आणि बर्स्ट मोड, म्हणजे एकदा दाबलं की धडाधड फोटो. आमच्या बोटवाल्या काकांनी लांबच इंजिन बंद केलं आणि गप्प बसा म्हणाले, मग दोघं आपणहून जवळ आले.

मालवणी_खाजा: नशीबवान आहात. आम्ही तारकर्लीला गेलो तेव्हा एक डॉल्फिन दिसला की चार बोटी त्याच्या मागे, वर बोटीतली जनता शिट्ट्या मारतेय. कसला येतोय तो वर! वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी आहे तो, वाघाच्या पंगतीतला. आता मी बोटीत बसायच्या आधीच विचारते, काका पाठलाग करणार नाही ना?

दादरकर: मुंबईकरांनो एवढं लांब कशाला, हाजी अलीचे खडक बघा की. ओहोटी पूर्ण उतरायच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी मागे सरेल तसं आपण पुढे. झोअँथिडचे (प्रवाळाच्या नात्यातले प्राणी) हिरवे गालिचे, शंखात घुसलेले खेकडे, आणि नजर बसली की नखाएवढ्या सी स्लग, म्हणजे समुद्री गोगलगायी. मोबाईल पुरतो. बूट ग्रिपवाले घाला, शेवाळावर आपटायला होतं. मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाच्या गटातले लोक किनाऱ्यावर वॉक घेतात, पहिल्यांदा त्यांच्याबरोबरच जा, नाहीतर समोर असून दिसत नाही. आणि हो, पावसाळ्यात जुहूला निळा फुगा पडलेला दिसला तर हात लावू नका, ब्लू बॉटल मेलेली असली तरी डंख बसतो.

चिपळूणची_सून: वेळासची कासवं कुणीच नाही? ऑलिव्ह रिडलेची पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात, सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलून बघतात. आमच्या वेळी सकाळी टोपलीखाली नुसती वाळू, माझी मुलगी रडकुंडीला. संध्याकाळी तीच टोपली उचलली तर आत वळवळ! म्हणून एका दिवसात उरकायला जाऊ नका, गावात घरगुती मुक्काम होतो, जेवणही झकास. फ्लॅश अजिबात नाही, पिल्लं उजेडाकडे वळतात. कॅमेरा वाळूलगत धरा, उभ्याने काढलेल्या फोटोत नुसते काळे ठिपके येतात.

नवखा_निकॉन: लेन्सवर खारं पाणी उडालं तर काय करता?

खाडीवाला: कोरडं फडकं घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी मऊ कापड गोड्या पाण्यात किंचित ओलं करून हलकेच टिपा, मग कोरडं.