घरातच कला असलेल्या पोरांना आधी काय शिकवावं? (अनुभव धागा : खानदेश)

घरात तमाशा, वहीगायन (डफावरचं अहिराणी गाणं), सोंगाड्या पार्टी (सोंगं घेऊन करायचा खेळ) असं काही पिढीजात असेल त्यांनी लिहा. पोराच्या हातात आधी काय द्यायचं, कुठं बिघडतं? आठवणी नकोत, कामाचं सांगा.

ढोलकीवाले, चोपडा
फडावरची (तमाशाच्या संचातली) ढोलकी पोराला लगेच देऊ नका. शाईची (काळ्या लेपाची) बाजू वरच्या पट्टीत चढवलेली असते. कोवळी बोटं फुटतात, मनगट आखडतं. स्वर उतरवून द्या. रोज अर्धा तास, तोही नुसते सुटे बोल, संथ लयीत. धुमाचा (खर्जाच्या बाजूचा) आतला मसाला वाळला की घुमारा जातो, मग पोरगं आवाजासाठी दाबून वाजवतं. ही खोड पुढं सुटत नाही, म्हणून आधी मसाला बघा, मग पोराला बोला.
उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो. चामडं सुकून स्वर आपोआप चढतो. तशीच ताणलेली ठेवली तर कडेला चीर पडते. वाजवून झालं की ताण थोडा सैल करा. ओल्या फडक्यात गुंडाळायचा शहाणपणा नको, शाई सुटते.

वहीगायक, अमळनेर
आमचं उलटं. कानबाई (आपली खानदेशी देवी) बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. हवा दमट, डफ उतरलेला. जाळावर धरू नका. पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या काड्यांचा) निखारा करा, हातभर वरून डफ फिरवत ठेवा, कडेकडून मध्याकडे. टिचकीला टणक आवाज आला की पुरे. हे शेकणं पोरांकडेच द्यावं, कान तिथंच तयार होतो. गाताना आधी झीलेत (मागून ओळ उचलणाऱ्यांत) बसवा. ओळीचं शेवटचं टोक उचलता आलं की मुख्य गळा आपोआप समजतो. अहिराणीचे उच्चार शाळेच्या मराठीकडे झुकू देऊ नका.

अनामिक, धुळे
झीलेत बसवा, पण आवाज फुटायच्या वयात नको. तेव्हा वरच्या पट्टीत ओढलं तर गळा बसतो. ते वर्ष-दीड वर्ष तुणतुणं नाहीतर टाळ द्या, ताल सुटत नाही.

नृत्य शिकवणारी, जळगाव
घुंगरू पायाला पंचवीस-पन्नासने सुरू करा. घरातल्या मोठ्या बाईचे जड चाळ हौसेनं बांधले की पोरगी पाय आपटते आणि गुडघे दुखतात. सुती दोरीत प्रत्येक घुंगराला वेगळी गाठ हवी, म्हणजे एक तुटलं तर बाकीचे सांडत नाहीत. आणि मातीत नाहीतर लाकडी फळीवर नाचवा. फरशी सगळ्यात वाईट.

शिक्षक, शहादा
तमाशाचा हंगाम दसऱ्याला लागतो आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) पुढंही चालतो, म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष त्यातच. फडासोबत पोरं निघाली तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की पुढच्या गावातल्या शाळेत बसवून घेतात. दहावीला लोककलेचे वाढीव गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो. लागणारे दाखले दिवाळीआधी विचारून ठेवा, नंतर तुम्ही गावोगाव असता. तबल्याच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासून देता येतात. ढोलकीवाल्या पोराला त्या जड जात नाहीत, फक्त डग्ग्यावरचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्यावरचा) हात नव्यानं बसवावा लागतो.