एकाच घरट्यातून निघालेल्या दोन कुंभारमाश्या: जात एक की दोन?

प्रश्न

कुंभारमाशीने चार मडकी शेजारीशेजारी बांधून त्यांवर मातीचा एकच लेप दिला होता. ते घरटे मी बरणीत ठेवले, तेव्हा त्यातून दोन माश्या बाहेर आल्या. दोघींची कंबर देठासारखी बारीक आहे. मात्र एकीच्या पोटावर सलग पिवळा पट्टा असून चेहरा काळसर आहे, तर दुसरीच्या पट्ट्याचे केवळ दोन ठिपके उरले आहेत आणि चेहरा पिवळाधमक आहे. छायाचित्रांशी ताडून पाहता या दोन वेगळ्या जाती वाटतात. हे अनुमान योग्य आहे का?

उत्तर १

पिवळ्या चेहऱ्याचा बहुधा नर असावा. भिंगाखाली शृंगिकांचे (डोक्यावरील मिशांसारख्या अवयवांचे) खंड मोजावेत: नरात 13, मादीत 12. अनेक प्रजातींत (जवळच्या जातींच्या गटांत) नराच्या शृंगिकेचे टोक आकड्यासारखे मागे वळलेले असते आणि ती खूण रंगापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. पट्टा तुटणे हे तर एकाच जातीत नेहमीचे. पुष्कळ नमुने ओळीने मांडले, तर सलग पट्ट्यापासून पुसट ठिपक्यांपर्यंतच्या साऱ्या पायऱ्या दिसतात आणि कुठे रेघ ओढावी हेच कळत नाही.

उत्तर २

वरील मताशी मी सहमत आहे, पण एक सावधगिरी सुचवतो. घरटे एक म्हणून आई एकच, असे गृहीत धरू नये, कारण रिकामी झालेली मडकी दुसऱ्या जातीच्या माश्याही वापरतात. मडक्यांना जुनी भोके होती का, हे आधी पाहावे. शिवाय एकाच प्रदेशातील निरनिराळ्या जाती रंगाने हुबेहूब सारख्या होतात आणि तीच जात दूरच्या प्रदेशात वेगळ्याच रंगात भेटते, त्यामुळे रंगाने दोन्ही बाजूंनी फसगत होते. म्हणून आधी घडण पाहावी. डेल्टा प्रजातीत पोटाचा पहिला खंड लांब व सडपातळ असतो, तर युमेनेस या दुसऱ्या प्रजातीत तो तुलनेने आखूड असून मागे फुगत जातो. त्यानंतर चेहऱ्यावरील ढालीची खालची कड आणि पाठीवरील बारीक खळगे तपासावेत.

उत्तर ३

ताडण्यासाठी संग्रहातील जुने नमुने वापरणार असाल, तर त्यांतील लाल रंगावर विसंबू नका. सायनाइडच्या बाटलीत मारलेल्या माश्यांचा पिवळा रंग लालसर होतो. मी स्वतः अशा एका नमुन्याला नवा प्रकार समजून दोन संध्याकाळी वाया घालवल्या आहेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

खंड मोजले. पिवळ्या चेहऱ्याच्या माशीत 13 भरले आणि टोक वळलेले आहे, दुसरीत 12. लेपावर दोनच भोके आहेत आणि दोन्ही ताजी. पहिला खंड दोघांतही लांब व सडपातळ आहे, म्हणून नोंदीत ‘डेल्टा, एक नर, एक मादी’ एवढेच लिहून जातीची जागा कोरी ठेवली आहे. दोन मडकी अजून बंद आहेत.