म्हशीच्या पायावर कोयता मारला, पोलीस म्हणतात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करा. कलम कोणतं लागतं?

करवीर तालुक्यातलं गाव. चुलत्यांची दुभती म्हैस, डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलावर त्यांचं घर चालतं. गेल्या आठवड्यात ती दावं तोडून शेजाऱ्याच्या उसात शिरली. नुकसान झालं, नाही म्हणत नाही, भरपाई देतो असंही सांगितलं. पण तोवर शेजाऱ्यानं कोयत्यानं तिच्या मागच्या पायाची शीर तोडली होती. डॉक्टर म्हणतात, आता उभी राहणार नाही. दुसऱ्या दिवशी राखणीचं कुत्रं तोंडाला फेस येऊन गेलं. ते कुणी केलं हे कुणी बघितलेलं नाही, म्हणून नाव घेत नाही.

ठाण्यात म्हणाले, प्राण्यांच्या कायद्यात 50 रुपये दंड आहे, एनसी घेतो, गावातच मिटवा. लाखभराच्या म्हशीला 50 रुपये? भावकीही म्हणते, जनावरासाठी कोर्टकचेरी कशाला. आता काय करायचं? विमा आहे, कानात बिल्ला आहे.

वकीलसाहेब
50 रुपये खोटं नाही, पण ती अर्धी गोष्ट झाली. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे. तीन वर्षांत पुन्हा केलं तर 25 ते 100 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तुम्हाला हवं ते भारतीय न्याय संहितेचं कलम 325. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, लुळं किंवा निकामी करणं, याला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र (पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात असा), म्हणजे एनसी नव्हे, एफआयआरच. जामीनपात्र मात्र आहे, त्यामुळे उद्या बेड्या पडतील असं धरून बसू नका. 1 जुलै 2024 च्या आधी जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं 428 आणि 429 होती, त्यात जनावराची 10 रुपये, 50 रुपये अशी किंमत बघायचे. ती अट आता गेली, त्यामुळे कुत्र्यालाही हेच कलम. एफआयआर घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवा, तरीही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट.

शिवारकर
दादा, शेजाऱ्यालाही रस्ता होता की. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानं पिकात शिरलेलं जनावर धरून 24 तासांत कोंडवाड्यात घालता येतं. (आमच्या कोंडवाड्यात पंचायतीचा ट्रॅक्टर उभा असतो, ते सोडा.) कोयता चालवायचा हक्क कुठल्याच कायद्यात नाही. ऊस खाल्ल्याचा विषय निघणारच, तेव्हा भरपाई देतो म्हणालात त्याचे साक्षीदार आताच गाठा.

गोठेवाला
सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यकाकडून जखमेचा दाखला घ्या. हत्यार कसलं, कापलंय किती खोल, सगळं लिहून घ्या. जखम सुकायच्या आत फोटो आणि पंचनामा. म्हैस गेलीच तर शवविच्छेदनाशिवाय पुरू नका, बिल्ला कानातच राहू द्या, विमा कंपनीला आजच कळवा. कुत्र्याचं शवविच्छेदन झालं का? व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत गेल्याशिवाय विषाचं सिद्ध करणं अवघड.

मूळ प्रश्नकर्ता
कुत्रं बांधाला पुरलंय, शवविच्छेदन नाही झालं. पोलिसांना सांगून उकरून घेतलं तर इतक्या दिवसांनी काही सापडेल का? म्हशीचा दाखला सकाळी आणतो. तक्रारीत दोन्ही घटना एकत्र लिहू की वेगवेगळ्या?

वकीलसाहेब
वेगवेगळ्या. म्हशीच्या तक्रारीत नाव घाला, कुत्र्याच्या तक्रारीत अज्ञात लिहा. उकरायचं डॉक्टरांना विचारून ठरवा, पण पोलिसांशिवाय हात लावू नका.